मुकीचे बारा जोड

मी त्याला चोर म्हटलं होतं. तोंडानं नाही, छापून. शंभर प्रती, गुलाबी कागद, वर ठळक टायपात मथळा: 'बॅटरीच्या आडून बंदरातल्या बायकांचा गळा कोण कापतो?' हे पत्रक मी स्वतः लिहिलं, कंपोझिटरच्या डोक्यावर उभं राहून जुळवून घेतलं आणि रविवारी सकाळी मिस्सा सुटल्यावर इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात वाटलं. पहिली प्रत त्याच्याच हातात दिली. पाठीमागून वाटणं मला मंजूर नव्हतं. तेवढं एक सोडलं तर त्या दिवशी दुपारपर्यंत मी केलेलं सगळं चुकीचं होतं, आणि ते मी इथे लपवणार नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. बंदरात सगळे त्याला पात्रांव म्हणत, म्हणजे मालक, गोव्याकडचा शब्द. मालक म्हणावं असं त्याच्याकडे काहीही नव्हतं. वाटेवरच्या क्रुसाजवळ झावळांची एक खोप, तिच्यात बस कंपनीच्या आणि लाँचवाल्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या, आणि लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेला एक मीटर. पंचवीसेक वर्षं आगबोटींवर विजेचं काम करून तो परत आला होता. मी त्याला लिहितानाही अरे-तुरेच करते आहे. आमच्याकडे बापालाही 'अरे' म्हणतात, त्यात मान कमी होत नाही.

खोपीच्या दारावर खडूनं लिहिलेलं असे: 'येथे मत सांगू नये. माप सांगावे.' पावसाळ्यात पुसलं गेलं की तो पुन्हा लिही. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "पात्रांव, बॅटरी कमजोर झाली," की हा मान वर न करता विचारी, "मापलंस कशान?" बिचारा म्हणे, "दिवो मंद जळता." "मगे दिव्याक कायतरी झाला आसतला. बॅटरेक गाळी कित्याक घालतंस?" निम्मे लोक तिथेच चिडून परत जात. उरलेल्या निम्म्यांचं काम चोख होई.

लग्नाची अंगठी तो बोटात घालत नसे. खोपीच्या दाराआड खिळ्याला दोऱ्यानं टांगलेली असे. अंगठी घातलेला हात बॅटरीच्या दोन टोकांवर पडला तर सोनं वितळून बोटात जातं, हे त्यानं आगबोटीवर दुसऱ्या कुणाच्या बोटावर पाहिलं होतं. त्याची बायको आल्यागेल्याला सांगे, "पाद्रीन इगर्जीत इचारल्यान, हिच्यार मोग करशील? सगळे 'हय' म्हणतत. आमचो हो म्हणता, कितपत?" आणि ती हसे. हा मात्र गंभीर चेहऱ्यानं बॅटरीला कान लावून आतली ॲसिडची उकळी ऐकत बसे, तापात पडलेल्या पोराच्या छातीला डॉक्टर कान लावतो तसा.

माझी आणि त्याची पहिली टक्कर सभेत झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी शाळकरी मुलगी असताना पत्रकं वाटली होती. मॅट्रिक झाल्यावर लिहायलाही लागले. मासे वाहणाऱ्या बायकांची समिती उभी केली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि मला उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवता येत नसे. खळ्यात सभा भरली होती. मी गरजले, "या बायकांच्या मनगटात वीज आहे!" मागून, माडाच्या बुंध्याशी बसलेल्या पात्रांवनं अगदी निर्मळपणे विचारलं, "किती व्होल्टांची, गो बाय?"

सभा हसली. माझी आई सर्वांत जोरात हसली. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि चार दिवस ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

समितीची मागणी साधी होती. आमचं बंदर मालवण आणि देवगडच्या मधलं, खाली जेटी आणि वर रस्ता. मध्ये घाटी, म्हणजे उभा चढ. कोल्हापूरची लॉरी वर थांबते, मासे खाली उतरतात. वाहतुकीचा ठेका असलेल्या शेटच्या बैलगाड्या होत्या, पण त्या आधी व्यापाऱ्यांचा माल नेत. बायकांच्या पाट्या बायकांच्याच डोक्यावर. एका सकाळी सात-आठ खेपा, पाटीतून बर्फाचं पाणी मानेवर ठिबकतंय, आणि लॉरी सुटली की मासे कुत्र्यांना. माझ्या आईची मान चाळिशीतच एका बाजूला वळेनाशी झाली होती. हाक मारली की ती अख्खी वळायची.

आम्ही अर्ज केले, पत्रकं काढली, बंदर खात्याच्या साहेबाच्या दारात पाट्या घेऊन बसलो. शेवटी साहेबानं मुंबईच्या गोदीतून काढून टाकलेली बॅटरीवर चालणारी एक मालगाडी आम्हाला मिळवून दिली. चार लोखंडी चाकं, वर रबर, एक लाकडी फळी, फळीखाली सहा बॅटऱ्या. आवाज अजिबात नाही. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मुकी' ठेवलं. मुकी हंगामभर चाचणीसाठी होती. हंगामाअखेर साहेब येऊन बघणार: भरलेली मुकी बायकांच्या हातून वेळेत घाटी चढली तर कायम समितीकडे, नाही तर ती परत जाणार आणि वाहतूक पुन्हा शेटकडे.

मुकीला पात्रांवनं जिवंत ठेवलं. बर्फाच्या कारखान्याच्या इंजिनावर तिला चार्ज करायची व्यवस्था त्यानं लावली. प्रत्येक तारेवर खडूनं आकडे घातले. माझ्या आईला आणि आणखी दोघींना पाना धरायला शिकवला, आणि शिकवताना एकदाही 'बायकांक जमतला काय' असं म्हटलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आमच्या समितीचे अध्यक्ष भाऊ ते दिवसातून दोनदा म्हणत.

हंगाम संपत आला आणि गोदीतल्या त्या जुन्या बॅटऱ्यांनी मान टाकली. पात्रांवनंच कोल्हापूरचं एक दुकान सांगितलं, नव्या सहा मागवल्या. त्या आल्या त्या आठवड्यात तो बहिणीच्या मयतीला गोव्यात गेला होता. साहेब सोमवारी येणार होता. थांबायला वेळ नव्हता. आम्हीच बॅटऱ्या बसवल्या. आकडे बघून तारा जोडल्या, एकही चुकली नाही. आईनं नारळ फोडला. मुकीची कळ दाबली.

मुकी निघाली ती म्हाताऱ्या गायीसारखी. सपाटीवर माणूस तिच्या पुढे चालत जाईल अशी. घाटीच्या पहिल्या वळणावर पाट्या भरलेल्या असताना ती थांबलीच. नव्याकोऱ्या बॅटऱ्या, आणि जुन्यांपेक्षा वाईट चाल! शेटचा गाडीवान वरून ओरडला, "बैल धाडू काय गो, तुमच्या मुकयेक ओढूक?"

शनिवारी दुपारी पात्रांव परतला. प्रवासातल्या कोटासकट मीटर घेऊन आला, एकेक बॅटरी मापली. सहाच्या सहा ठणठणीत. काचेच्या नळीनं ॲसिड ओढून बघितलं, तेही बरोबर.

"बॅटरे निर्दोष आसत," तो म्हणाला.

"मग मुकी रांगते कशी?"

"ता माका अजून ठाऊक नाय. उभ्या गाडयेर माप घेतलंय. भरून चालवल्याशिवाय कळाचा नाय. फाल्यां बघूया."

'अजून ठाऊक नाही' हे शब्द मला ऐकू आलेच नाहीत. मला ऐकू आलं ते 'निर्दोष'. ज्यानं दुकान सुचवलं, तोच दुकानाच्या मालाला निर्दोष म्हणतो! चाचणी परवावर आलेली, आणि हा उद्या बघू म्हणतो! माझ्या डोक्यात पत्रक तिथेच जुळून तयार झालं. भाऊंना वाचून दाखवलं. भाऊ म्हणाले, "जोरदार आहे." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पत्रकात मी लिहिलं की जुन्या बॅटऱ्या रंगवून नव्या म्हणून आमच्या गळ्यात मारल्या आहेत, आणि दुकानदाराचा दलाल आपल्याच बंदरात खोप टाकून बसला आहे.

तर, इगर्जीचं दार. पात्रांवनं कोटाच्या खिशातून चष्मा काढला आणि पायरीवर उभ्याउभ्या पत्रक वाचलं. सगळं. आजूबाजूला माणसं जमली. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. ते डोळे मला आजही नको वाटतात. मी छाती काढून उभी होते. म्हटलं, आता ओरडेल, आता हात उगारेल.

तो म्हणाला, "हयसर तू 'निम्मी शक्ती' लिवलंस. निम्मी कशी काय? मापलंस कशान?"

"पात्रांव, मी तुला चोर म्हटलंय."

"ता वाचलंय मी. ता खोटा आसा, ता माका ठाऊक आसा. पण निम्मी काय पाव, ता कोणाकच ठाऊक नाय." त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या म्हातारीकडून चार मेणबत्त्या घेतल्या. "चल गो चेडवा. तुझे बायलो बोलय. जेटयेर."

मी गेले. रागानंच गेले. याला रंगेहाथ पकडायचं म्हणून गेले.

आधी त्यानं मुकी जॅकवर उचलली आणि एकेक चाक हातानं फिरवलं. ब्रेक घासत नव्हता. चाकं मोकळी होती. मग फळी काढली, एक मेणबत्ती पेटवली आणि सहा बॅटऱ्यांच्या बाराही जोडांवर, तार जिथे शिशाच्या खुंटाला आवळलेली असते तिथे, मेणाचा एकेक थेंब पाडला. पांढरे बारा ठिपके. फुंकर मारून ते घट्ट केले.

"आता बसा," तो बायकांना म्हणाला.

"आमी? मुकयेर?" आई म्हणाली.

"मासळी नाय आज. भार होयो. तुमी बसा."

नऊ बायका मुकीवर चढल्या. एकमेकींना ढोसत, किंचाळत. "गो, तू मागे बस, तुझ्या एकट्येच्या भारान चाक बसतला." "माझो भार मापलंस कशान?" पात्रांवचाच प्रश्न त्याच्याच समोर, आणि सगळ्या फिदीफिदी. मुकी त्या हसण्याखाली कुंथत निघाली, घाटीच्या पहिल्या वळणाशी जाऊन थांबली. पात्रांवनं सगळ्यांना उतरवलं, फळी उचलली आणि मला म्हणाला, "तू बघ. माका दलाल म्हणतंस ना, मगे माझ्या डोळ्यांनी कित्याक बघतंस? तुझ्या डोळ्यांनी बघ."

मी वाकले. चार जोडांवरचं मेण वितळून ओघळलं होतं. आणखी तीन ठिकाणी मऊ पडलं होतं. बाकीचे ठिपके होते तसेच पांढरे.

"मेण वितळला म्हणजे जोड तापलो," तो म्हणाला. "तापलो म्हणजे वीज थयसर अडली. बॅटरेतसून भायर येता ती सगळी, पण मोटारीक पोचाच्या आदी वाटेर जळता. आता बघूया, अडता कित्याक."

त्यानं ओघळलेला एक जोड सोडवला. खुंटावर आणि तारेच्या कडीच्या आत तपकिरी, चिकट थर होता, फणसाच्या चिकासारखा. त्यानं तो नखानं खरवडला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"मोरीचा तेल," तो म्हणाला.

मग आई म्हणाली, "माझ्याच बाटलीतला."

आमच्याकडे नवी होडी पाण्यात उतरायच्या आधी तिला मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कलेजाचं तेल पाजतात. पाण्याचा थेंब लागायच्या आधी तेल, हा कायदा. नाही तर खारं पाणी लाकूड खातं, खिळा खातं. नवी वस्तू, समुद्राची हवा, आणि शिवाय पात्रांव स्वतः जोड आवळून झाल्यावर वरून ग्रीसचं बोट फिरवायचा, ते आम्ही हंगामभर पाहिलं होतं. ग्रीस संपलं होतं. आई म्हणाली, होडयेक चलता ता हिका चलतला. पण पात्रांव ग्रीस जोड आवळल्यानंतर वरून लावायचा. आम्ही तेल जोडायच्या आधी आतून लावलं. खुंटाला, कडीला, भरपूर. बोट कुणाचं होतं? माझं. आईनं बाटली धरली आणि बाराच्या बारा खुंटांना तेल मी फासलं. मॅट्रिक पास बोटानं.

"होडयेक बरा ता," पात्रांव म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "होडयेत पाणी भायर ठेवचा आसता. हयसर वीज भितर सोडूची आसा. तेल दोघांकय अडयता. गरम झाला की घट्ट होता, आनी घट्ट झाला की आनी अडयता."

मग दुपारभर आम्ही बारा जोड उघडले, रॉकेलच्या फडक्यानं पुसले, पॉलिश पेपरनं घासून शिसं चांदीसारखं केलं, कोरडे आवळले आणि वरून ग्रीस लावलं. ते त्याच्या बायकोनं घरून पाठवलं होतं. तिनं पाठवलं, हे लक्षात घ्या. नऊ बायका पुन्हा बसल्या. मुकी घाटी चढून वर गेली, आणि वळणावर आईनं "हळू गो, हळू!" अशी आरोळी ठोकली.

संध्याकाळी भाऊ आले. सगळं ऐकून म्हणाले, "छान झालं. आता गप्प बस. दुकानदार कोल्हापुरात आहे, त्याला काय फरक पडतो? पत्रक तसंच राहू दे. उद्या साहेबासमोर 'आम्हीच तेल फासलं' असं म्हणालीस तर शेट काय म्हणेल? बायकांच्या हाती यंत्र देऊ नका, म्हणेल. आणि साहेब ऐकेल. चळवळीत सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं."

भाऊंचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. म्हणूनच मला जास्त संताप आला. मी पात्रांवकडे गेले. तो खोपीत कोट काढून, बहिणीच्या मयतीचा काळा पट्टा दंडावर तसाच ठेवून, कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. त्याची बहीण गेली होती आणि मी त्याला साधं विचारलंही नव्हतं. मी भाऊंचं बोलणं सांगितलं.

"माझो तुका हुकूम नाय," तो म्हणाला. "पण तू गप ऱ्हवलंस तर तुझ्या बायलांक कायम वाटतला की बॅटरे वायट होते. फुडच्या बॅटऱ्यांकय त्यो तेल लावतल्यो."

एवढंच. मी माफी मागितली तेव्हा त्यानं रेडिओचं बटण पिळलं आणि म्हणाला, "बस, च्या घे."

सोमवारी साहेब आला. शेट आला, पांढऱ्याशुभ्र टोपीत. जेटीवर सुरमई आणि बांगड्याच्या पाट्या मुकीवर रचलेल्या. साहेबानं विचारलं, "परवा बंद पडली होती म्हणे. बॅटऱ्या खराब निघाल्या?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही. बॅटऱ्या चांगल्या होत्या. जोडांत तेल आम्ही फासलं. मी फासलं. दुकानदाराबद्दल आणि पात्रांवबद्दल मी छापलं ते खोटं होतं. तेही मी पुन्हा छापणार आहे."

शेटनं मांडीवर थाप मारली. "आयकलास, सायब? तेल फासतत! फाल्यां हळद-कुंकू लावतीत. शिकलेला चेडू तेल फासता, तर ह्यो पाटयेवाल्यो काय करतीत?"

गाडीवान हसले. साहेब हसला नाही, पण वहीत काही लिहायला लागला, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "मुलगी प्रामाणिक आहे," तो म्हणाला, "पण प्रश्न रास्त आहे. पुन्हा बिघडली तर? हा गृहस्थ रोज इथे असेल का?"

सगळे पात्रांवकडे बघायला लागले. तो दगडावर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता.

"माका कित्याक बघतास? गाडी माजी नाय," तो म्हणाला. मग साहेबाकडे वळून शुद्ध मराठीत, कचेरीत बोलावं तसं म्हणाला, "साहेब, ह्या बायकांना पाठ फिरवायला सांगा. तुम्ही स्वतःच्या हातानं एक जोड सैल करा. कुठला ते मलाही सांगू नका. मग त्यांना शोधायला लावा."

साहेबाला गंमत वाटली असावी. बायका समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पात्रांवही पाठ करून उभा राहिला, आणि शेटला म्हणाला, "तूय फिर. तुझे डोळे लय बोलतत." साहेबानं पाना हातात घेतला, फळीखाली वाकला, उठला. हात पुसले.

मुकी चालवली. जड निघाली. आईनं मेणबत्ती मागितली. वाऱ्यानं पेटेना. तिनं पदराचा आडोसा केला आणि बारा थेंब पाडले. एक थेंब तिच्या बोटावर पडला तरी हात हलला नाही. पाट्या भरलेली मुकी घाटीच्या पायथ्याशी नेली, थांबवली. आई वाकली. तिची मान वळत नसे, म्हणून ती सगळीच्या सगळी बॅटऱ्यांभोवती फिरली. शेट म्हणाला, "सोद गो, सोद, कोल्हापूरची लॉरी थांबतली तुझ्यासाटी." आईनं वर पाहिलंही नाही.

"ह्यो," ती म्हणाली. चौथ्या बॅटरीच्या डाव्या खुंटावर बोट.

"हाच," साहेब म्हणाला.

तिनं पाना मागितला नाही. कमरेलाच खोचलेला होता. जोड आवळला, हातानं हलवून बघितला, ग्रीसचं बोट वरून फिरवलं आणि ते बोट लुगड्याला पुसत साहेबाला म्हणाली, "लिवा."

साहेबानं वहीतलं आधीचं पान फाडलं आणि नवीन पानावर लिहिलं. मुकी समितीकडे राहिली. आजही आहे. मी पुढच्या आठवड्यात दुसरं पत्रक काढलं, तेही गुलाबी, तेही शंभर, आणि तेही इगर्जीच्या दारात वाटलं. भाऊंनी तीन महिने माझ्याशी अबोला धरला. पात्रांव दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याविषयी लोक विक्षिप्त, तिरसट, अर्धवट असं बोलतात. ते मत आहे. मी काय पाहिलं ते वर लिहिलंय.

पण त्या सोमवारचं एक राहिलं.

मुकी निघाली. चौदा पाट्या घेऊन, एकदाही न थांबता, घाटीवर. बायका तिच्या मागून चालत निघाल्या. पात्रांव सगळ्यांच्या शेवटी, मी त्याच्या बाजूला. आई आमच्या पुढे होती. डोक्यावर काही नाही, चुंबळसुद्धा नाही, तरी मान ताठ, पावलं मोजून टाकलेली, आणि उजवा हात वर, डोक्याच्या बाजूला, नसलेल्या पाटीची कड धरून. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. हात तसाच.

पात्रांव दोन ढांगांत तिच्या बाजूला गेला.

"हात खाली घे गो," तो म्हणाला.

आईनं हाताकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं, आणि हळूहळू तो खाली घेतला.